सर्वांना दिसणारे रणांगण

टेबलाभोवती पाच जण बसले आहेत. गेममास्टर सांगतो : समोर खोल दरी, दरीवर लाकडी पूल आणि पुलाच्या पलीकडच्या टोकाला धनुष्ये ताणून उभे असलेले चार गॉब्लिन. वाक्य सर्वांनी एकच ऐकले, पण पूल मात्र पाच तयार झाले. एकीच्या मनातल्या पुलावर दोन माणसे शेजारी शेजारी चालू शकतात, दुसऱ्याच्या मनातला पूल एकेकट्यानेच ओलांडावा लागतो. कुणाला तो दहा पावलांचा दिसतो, कुणाला पन्नास. नुसते वर्णन चालू असते तोवर या पाच पुलांनी काही बिघडत नाही. पहिला बाण सुटला की बिघडते. ‘मी या पाळीत त्यांच्यापर्यंत पोचते का?’ ‘माझा मित्र आगीच्या तडाख्यात सापडतो का?’ या प्रश्नांची उत्तरे कोणत्या पुलावरून द्यायची? व्यवहारात ती गेममास्टरच्या पुलावरून दिली जातात, आणि तो पूल बाकीच्या चौघांनी पाहिलेला नसतो.

हे पुस्तक त्या पुलाविषयी आहे. टेबलटॉप रोलप्लेइंग खेळांत लढाईच्या वेळी नकाशा कसा मांडायचा, त्यावर मिनिएचर, म्हणजे पात्रांच्या लहान आकृत्या, कशा हलवायच्या आणि मुळात हे सगळे कधी करायचे व कधी टाळायचे, याची चर्चा पुढच्या प्रकरणांत केली आहे. माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. नकाशा आणि मिनिएचर यांना बहुतेक जण खेळाची सजावट समजतात. मला तो टेबलावरच्या सर्व माणसांमधला करार वाटतो. सोंगटी एकदा घरात ठेवली की ती कुठे आहे यावर वाद उरत नाही. जागेचे जे ज्ञान एकट्या गेममास्टरकडे होते, ते सर्वांच्या मालकीचे बनते, आणि त्याबरोबर विचार करून धोका पत्करण्याचा अधिकारही खेळाडूंच्या हाती येतो.

ज्यांनी हा खेळ अजून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. रोलप्लेइंग खेळात प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो : योद्धा, जादूगार, चोर, पुरोहित. एक जण गेममास्टर होतो. तो जग उभे करतो, शत्रूंच्या चाली खेळतो आणि नियमांचा निवाडा करतो. पात्राने काय करायचे हे खेळाडू ठरवतो. ते साधते की नाही हे फाशांवर ठरते, आणि डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये तो मुख्य फासा वीस पैलूंचा असतो. या खेळात बोलणे, शोध घेणे, कोडी सोडवणे असे बरेच काही असते. पण लढाई सुरू झाली की काळ बारीक तुकड्यांत मोजला जातो, पाळ्या लागतात, आणि कोण कुठे उभे आहे याला जीवनमरणाचे महत्त्व येते.

युद्ध पटावर मांडण्याची कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. चतुरंगात हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही सैन्याची चार अंगे ६४ घरांत उभी राहत. हा खेळ इराणमार्गे अरबांकडे आणि तिथून युरोपात गेला. मात्र त्यातून घडलेल्या बुद्धिबळाच्या पटावर भूगोल नसतो. प्रत्येक घर सारखेच सपाट. नदी नाही, डोंगर नाही, दलदल नाही. ही उणीव जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग इथल्या योहान हेलविग या गणिताच्या अध्यापकाला जाणवली. १७८० मध्ये त्याने बुद्धिबळावर आधारलेला एक युद्धखेळ प्रसिद्ध केला, आणि त्याच्या मोठ्या पटावरची घरे जमिनीच्या प्रकारानुसार वेगवेगळ्या रंगांची केली. घराला रंग मिळाला आणि जमीनही खेळात उतरली.

पुढचे पाऊल प्रशियात पडले. बॅरन फॉन राइसवित्झ यांनी १८१२ मध्ये राजा तिसरा फ्रीडरिश विल्हेल्म याला एक खास टेबल सादर केले. टेकड्या, नद्या, रस्ते असलेले तुकडे हवे तसे जोडून त्यावर नवी नवी रणभूमी रचता येई. त्यांच्या मुलाने १८२४ मध्ये ‘क्रीगस्पील’चे नियम छापले तेव्हा घरे पूर्णपणे काढून टाकली. त्यांच्या जागी १:८००० प्रमाणाचा लष्करी नकाशा आला. एक पाळी म्हणजे दोन मिनिटे असे ठरले. चकमकीचा निकाल फाशांवर लागे. आणि आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दोन्ही पक्षांच्या मध्ये एक पंच बसला. दोन्हीकडचे सेनापती आपापले हुकूम पंचाला देत. खरी परिस्थिती फक्त त्यालाच ठाऊक असे, आणि प्रत्यक्ष युद्धात सेनापतीला जेवढे दिसले असते तेवढेच तो त्यांना दाखवी. आजचा गेममास्टर याच पंचाचा वारस आहे.

त्यानंतर अर्ध्या शतकाने, १८७६ मध्ये, यूलियस फॉन व्हर्डी द्यू व्हर्नुआ या प्रशियन अधिकाऱ्याने वेगळी बाजू मांडली. नियमांची आणि कोष्टकांची गर्दी खेळाला जखडून टाकते, अनुभवी पंचाने स्वतःच्या समजुतीने निकाल द्यावा, असे त्याचे मत होते. नकाशा आणि मोजमाप यांवर चालणारा खेळ की पंचाच्या शब्दावर चालणारा खेळ, हा वाद आज रोलप्लेइंगच्या टेबलांवर रंगतो. तो निदान दीडशे वर्षांचा आहे, हे लक्षात ठेवले तर दोन्ही बाजूंकडे जरा आदराने पाहता येते.

लष्कराबाहेर हा छंद घराघरांत नेण्यात एच. जी. वेल्स यांचा वाटा आहे. १९१३ च्या ‘लिटल वॉर्स’मध्ये त्यांनी खेळण्यातले शिपाई आणि स्प्रिंगच्या तोफा घेऊन जमिनीवर लढाया मांडल्या. पायदळाचा शिपाई एका चालीत एक फूट जाई, घोडेस्वार दोन फूट. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये मिनिएचरच्या युद्धखेळांची मंडळे उभी राहिली होती. मिनेसोटातल्या अशाच एका मंडळात डेव्हिड वेस्ली यांनी १९६९ मध्ये ‘ब्राउनश्टाइन’ हा प्रयोग केला. नेपोलियनच्या काळातल्या एका काल्पनिक जर्मन गावात त्यांनी प्रत्येक खेळाडूला सैन्याऐवजी एकेका माणसाची भूमिका दिली. ठरलेली लढाई बाजूलाच राहिली आणि खेळाडू आपापली कारस्थाने करत बसले. वेस्लींना प्रयोग फसला असे वाटले. खेळाडूंनी मात्र तो पुन्हा मागितला. त्याच मंडळातले डेव्ह आर्नेसन यांनी पुढे ‘ब्लॅकमूर’ हे अद्भुताचे जग आणि त्याच्या किल्ल्याखालची भुयारे रचली. विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावी राहणारे गॅरी गायगॅक्स यांनी जेफ पेरेन यांच्याबरोबर १९७१ मध्ये ‘चेनमेल’ हे मध्ययुगीन मिनिएचर लढायांचे नियम छापले होते. आर्नेसन आणि गायगॅक्स एकत्र आले आणि १९७४ मध्ये डन्जन्स अँड ड्रॅगन्स बाजारात आला. पहिली आवृत्ती फक्त १,००० प्रतींची होती.

त्या पहिल्या आवृत्तीच्या पेटीवरच्या उपशीर्षकात कागद आणि पेन्सिलीच्या जोडीला मिनिएचरचाही उल्लेख आहे. आत मात्र लेखकांनी मिनिएचर आवश्यक नसल्याचे, ती केवळ शोभा वाढवत असल्याचे सांगितले होते. तरीही नियमांतली अंतरे इंचांत होती. भुयारात एक इंच म्हणजे दहा फूट, उघड्यावर एक इंच म्हणजे दहा यार्ड. म्हणजे टेबल दिसत नसले तरी नियमांना ते आठवत होते. प्रत्यक्ष खेळात दोन नकाशे असत. एक गेममास्टरच्या पडद्याआडचा, खरा आणि पूर्ण. दुसरा खेळाडूंपैकी एकाने वर्णन ऐकत ऐकत आलेखाच्या कागदावर काढलेला, अपुरा आणि कित्येकदा चुकलेला. या दोन नकाशांमधल्या फरकातच भुयाराची भीती होती.

मिनिएचर कल्पनाशक्तीला मारते असा आक्षेप नेहमी घेतला जातो, म्हणून त्या सुरुवातीच्या काळातली एक हकिकत सांगायलाच हवी. गायगॅक्स यांना स्वस्त दुकानात हाँगकाँगमध्ये बनवलेल्या प्लास्टिकच्या विचित्र प्राण्यांची पिशवी मिळाली. ते कुठले प्राणी आहेत हे कुणालाच कळत नव्हते. त्यांनी ते टेबलावर ठेवले आणि त्यांना स्वभाव दिले. लोखंड खाणारा रस्ट मॉन्स्टर, जमिनीखालून झेप घेणारा ब्युलेट आणि घुबडाच्या डोक्याचे अस्वल असा आउलबेअर हे खेळातले तीन लाडके राक्षस त्या खेळण्यांतून जन्मले. हातात धरता येणाऱ्या वस्तूने कल्पनेला खाद्य पुरवल्याचा याहून स्पष्ट पुरावा मला ठाऊक नाही.

पुढच्या पन्नास वर्षांत खेळ नकाशाच्या जवळ आला आणि पुन्हा दूर गेला. स्टीव्ह जॅक्सन यांनी १९७७ च्या ‘मेली’मध्ये आणि पुढे १९८६ च्या ‘गर्प्स’मध्ये षटकोनी घरांची तपशीलवार लढाई रचली. उलट १९८१ च्या ‘कॉल ऑफ कथुलू’ने पटाशिवायची भीती निवडली. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने पाच फुटांचे चौरस घर हे लढाईचे माप पक्के केले. शत्रूला दोन बाजूंनी कोंडल्याचा फायदा, त्याच्या टप्प्यातून बेसावध निघाल्यास त्याला मिळणारा जादा वार हे सारे त्या घरांवर मोजले जाऊ लागले. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने तर फुटांची भाषाच सोडली आणि अंतरे थेट घरांत दिली. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत फूट परत आले आणि घरांचा पट ऐच्छिक नियम झाला. प्रत्येक आवृत्तीच्या चाहत्यांना आपलीच पद्धत खरी वाटली. मला या येरझारांतून दिसते ते एवढेच की प्रश्न पद्धतीचा नसून प्रसंगाचा आहे.

प्रसंग म्हणून तो पूलच घेऊ. समजा तो ४० फूट लांब आणि १० फूट रुंद आहे. पाच फुटांच्या हिशेबाने लांबी आठ घरे, रुंदी दोन. माणसाची एका पाळीतली चाल ३० फूट, म्हणजे सहा घरे. आता योद्ध्याची खेळाडू काही न विचारता पाहू शकते की साध्या चालीने ती पलीकडे पोचत नाही. दोन घरे उरतात आणि चार धनुर्धाऱ्यांसमोर एक फेरी उघड्यावर काढावी लागते. वार करण्याची संधी सोडून नुसती धावली तर ती पलीकडे पोचेल, पण एकटी. जादूगाराच्या आगीच्या गोळ्याची त्रिज्या २० फूट, म्हणजे व्यास आठ घरांचा. पुलाच्या मधोमध टाकला तर अख्खा पूल त्यात येतो, मैत्रिणीसकट. म्हणून जादूगार म्हणतो, ‘तू थांब, आधी मी टाकतो, पण पुलावर नको, पलीकडच्या काठावर.’ या एका वाक्यात डावपेच आहे, मैत्री आहे, त्याग करण्याची किंवा न करण्याची निवड आहे. गेममास्टरने मध्ये एक शब्दही उच्चारलेला नाही.

हाच प्रसंग नकाशाशिवाय खेळला तर जादूगार आधी गोळा टाकल्याचे जाहीर करतो आणि मग विचारतो, ‘ती सापडली का त्यात?’ गेममास्टरला तिथल्या तिथे ठरवावे लागते. तो कितीही सरळ माणूस असला तरी ‘हो’ म्हणताना एका खेळाडूचे नुकसान त्याच्या जिभेने होते. ‘नाही’ म्हटले तर धोका पोकळ ठरतो. नकाशा त्याच्यावरचे हे ओझे उतरवतो. ज्या निर्णयाचे परिणाम आधी दिसत होते तो निर्णय फसला तरी खेळाडू तो आपला म्हणून स्वीकारतो. लढाई हरल्यावरही टेबलावर समाधान राहते ते यामुळे.

नकाशाच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे मांडायला हव्यात. पहिली मर्यादा अंतराची. पाचव्या आवृत्तीत लाँगबोचा कमाल पल्ला ६०० फूट आहे. एका घराला एक इंच धरले तर त्यासाठी दहा फूट लांब टेबल लागेल. घरगुती टेबलावर सगळ्या लढाया नकळत एका खोलीएवढ्या होतात आणि धनुर्धाऱ्याचे कौशल्य वाया जाते. दुसरी मर्यादा भूमितीची. चौरस घरांत तिरकी चाल सरळ चालीच्या सुमारे १.४१ पट लांब असते. तिसऱ्या आवृत्तीने तिरकी घरे आळीपाळीने एक आणि दोन अशी मोजली, चौथीने सगळी एक धरली आणि अचूकतेपेक्षा वेग निवडला. षटकोनी घरांत ही अडचण येत नाही, पण सरळ भिंतींच्या खोल्या त्या घरांना अर्ध्यातून कापतात. तिसरी मर्यादा वेळेची. मांडणी, मोजणी आणि ‘थांबा, जरा विचार करते’ यांत दहा मिनिटांची चकमक तासाभराची होऊ शकते.

चौथी मर्यादा मला सर्वांत गंभीर वाटते. गेममास्टरने नकाशा उलगडला की खेळाडू समजतात, आता लढाई होणार. बोलणी, लाच, पलायन, फसवणूक हे सगळे मार्ग त्या क्षणी मनातून पुसले जातात. टेबलावर जे मांडलेले नाही ते अस्तित्वात नाही असेही वाटू लागते : कागदावर झुंबर काढलेले नसेल तर झुंबराला लटकून उडी मारण्याचे कुणाला सुचत नाही. यावर उपाय आहेत. बोलणी चालू असतानाही नकाशा मांडून ठेवावा, म्हणजे नकाशा म्हणजे लढाई हे समीकरण तुटते. कडेला एक तरी वाट कोरी ठेवावी. आणि नकाशावर जे काढले आहे त्याहून अधिक त्या जागेत आहे हे गेममास्टरने तोंडाने वारंवार सांगावे. पट सत्य सांगतो, पण पूर्ण सत्य सांगत नाही. वास, आवाज, शत्रूच्या डोळ्यांतली भीती हे शब्दांचेच काम आहे.

साहित्याबद्दल नवशिक्यांना फार धास्ती असते. परदेशी मासिकांतली आणि व्हिडिओंतली रंगवलेली मिनिएचर, तीन मजली भुयारे पाहून अनेक जण हा श्रीमंतांचा खेळ समजून मागे फिरतात. मिनिएचरचा इतिहास वेगळे सांगतो. सुरुवातीची मिनिएचर शिशाची होती. १९७५ मध्ये सिनसिनाटीत सुरू झालेल्या राल पार्थासारख्या कंपन्यांनी त्यांत बारीक कलाकुसर आणली. १९९० च्या दशकात शिशाच्या विषारीपणामुळे कथिलाचे मिश्रधातू पुढे आले. २००३ मध्ये डन्जन्स अँड ड्रॅगन्सची आधीच रंगवलेली प्लास्टिकची मिनिएचर निघाली. २०१२ मध्ये रीपर कंपनीच्या प्लास्टिक मिनिएचरसाठी लोकांनी किकस्टार्टरवर ३४ लाख डॉलरांहून अधिक रक्कम जमा केली. आता घरगुती थ्रीडी प्रिंटरवर हवे ते पात्र छापून घेता येते. प्रत्येक टप्प्यावर वस्तू हलकी आणि सहज मिळणारी होत गेली आहे. आणि ज्यांना मित्रमंडळी एका शहरात सापडत नाहीत त्यांच्यासाठी २०१२ पासून रोलट्वेंटीसारखी ऑनलाइन टेबले आहेत. पुण्यातला खेळाडू न्यू जर्सीतल्या आपल्या जुन्या वर्गमित्रांबरोबर त्यांवर एकाच नकाशाकडे पाहत लढू शकतो.

घरी सुरुवात करायला तर याहूनही कमी लागते. दुकानातला चार्टपेपर साधारण २२ बाय २८ इंचांचा असतो. त्यावर एकेक इंचाच्या रेघा मारल्या की ६१६ घरांचे रणांगण तयार होते. पाच फुटांच्या हिशेबाने ११० बाय १४० फुटांचे, म्हणजे एखाद्या वाड्याच्या चौकाला आणि सोप्याला पुरून उरेल इतके. वर पारदर्शक प्लास्टिक घातले की व्हाइटबोर्डच्या पेनने भिंती काढता आणि पुसता येतात. ल्युडोच्या सोंगट्या, कॅरमच्या सोंगट्या, शर्टाची बटणे हे सगळे पात्र होऊ शकते. फक्त कोण कोण आहे हे सर्वांना एका नजरेत कळले पाहिजे. दिवाळीत दगडमातीचा किल्ला रचून, त्यावर अळीव पेरून, दरवाजाशी पहारेकरी आणि बुरुजावर तोफ नेमकी कुठे हवी यावर भांडणाऱ्या मुलांसारखीच नजर इथे लागते. ती नजर ज्यांच्याकडे आहे त्यांना महागड्या साहित्यावाचून काही अडत नाही.

याचा अर्थ रंगवलेल्या मिनिएचरला किंमत नाही असा मुळीच नाही. २८ मिलिमीटरच्या आकृतीवर आधी प्रायमर, मग मूळ रंग, खाचांत उतरणारा पातळ गडद रंग आणि शेवटी उंचवट्यांवर कोरड्या ब्रशचा हात देत दोन संध्याकाळी घालवणारा खेळाडू आपल्या पात्राशी वेगळ्याच जिव्हाळ्याने वागतो. ते पात्र लढाईत पडते तेव्हा टेबलावर खरी हळहळ होते. ही कला स्वतंत्र अभ्यासाची आहे आणि तिच्यासाठी पुस्तकात एक पूर्ण प्रकरण राखले आहे. मात्र ती पट मांडण्याची पूर्वअट समजू नये.

पुस्तकाची रचना या विचारानुसार केली आहे. पहिल्या भागात घर, चाल, पल्ला, आडोसा, दृष्टिरेषा या मूळ गोष्टी एका छोट्या खोलीतल्या लढाईतून समजावल्या आहेत. दुसऱ्या भागात रणभूमी कशी रचावी ते आहे : उंचसखल जागा, अवघड जमीन, एकाहून अधिक वाटा आणि पाळीगणिक बदलणारी परिस्थिती, जसे चढणारे पाणी किंवा पसरणारी आग. सपाट चौकोनी खोलीत समोरासमोर उभे राहून फासे टाकण्यापेक्षा कंटाळवाणी लढाई नाही, आणि तो कंटाळा नकाशाचा नसून नकाशा काढणाऱ्याचा असतो. तिसऱ्या भागात लपवण्याची कला आहे. राइसवित्झच्या पंचाप्रमाणे आजच्या गेममास्टरनेही पात्रांना दिसते तेवढेच उघडे करायचे असते. कागदाने झाकलेली दालने, सावलीत दबा धरलेले शत्रू, चुकीची खूण असलेला जुना नकाशा अशी त्याची तंत्रे तिथे दिली आहेत. चौथ्या भागात पटाशिवाय, नुसत्या शब्दांवर लढाई कशी चालवावी ते आहे. नकाशावरच्या पुस्तकात हा भाग हवाच, कारण कधी सोडायचे हे न कळणाऱ्याला साधन वापरता येत नाही.

नियमांचे आकडे बहुतेक ठिकाणी डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे घेतले आहेत, कारण नवा खेळाडू बहुधा तिथूनच आत येतो. तत्त्वे इतर खेळांनाही लागू पडतात. लेखन मुख्यतः गेममास्टरसाठी असले तरी खेळाडूंनी ते जरूर वाचावे. ज्या टेबलावर सर्वांना पट वाचता येतो तिथे गेममास्टरला अधिक धाडसी लढाया रचता येतात.

वाचकांना एकच कसोटी देऊन थांबतो, कारण पुढचे प्रत्येक प्रकरण तिच्यावर उभे आहे. येणाऱ्या प्रसंगात कोण कुठे उभे आहे यावर निकाल फिरणार असेल, तर नकाशा मांडा, आणि एकदा मांडलात की त्याच्याशी प्रामाणिक राहा. आवडता शत्रू मरतो आहे म्हणून भिंत दोन घरे सरकवू नका, खेळाडूने मोजलेले अंतर नंतर बदलू नका. जागेवर निकाल फिरणार नसेल, तर कागद गुंडाळून ठेवा आणि गोष्ट सांगा. हा भेद ज्याला जमला त्याच्या टेबलावर खेळाडू निर्धास्तपणे धोका पत्करतात, आणि माझ्या मते चांगल्या लढाईची सारी गंमत त्यातच आहे.